व्हर्ना टोलिव्हरची तीन मिनिटं

अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या कॉटर फ्लॅट गावात शाळेची बस चालवणाऱ्या व्हर्ना टोलिव्हरला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. जेवतानाही ती दोनदा उठून खिडकीशी जायची. बाहेर करड्या झुडपांचं सरकारी माळरान, आणि हिवाळ्यात त्यावरून दक्षिणेकडे निघालेली प्राँगहॉर्न हरणं. अकरा हिवाळे ती बसमधून ही हरणं मोजत होती. कुठल्या दिवशी, कुठल्या वळणावर, किती, सगळं वहीत.

त्या जानेवारीत बर्फ फार पडला. मुलांना शाळेत सोडून परतताना तिला कुंपणाशी तपकिरी ढीग दिसला. एकोणीस हरणं. प्राँगहॉर्न वाऱ्यासारखं पळतं, पण कुंपण दिसलं की उडी मारत नाही, खालून सरपटत जातं; आणि खालची तार बर्फात गाडली गेली होती. एका मादीचा श्वास अजून चालू होता. व्हर्नाने बसमधली पक्कड आणून तार तोडली. मादी उठली नाही.

संध्याकाळी ती कुंपणाच्या मालकाकडे, म्हाताऱ्या ओरिन बेकस्टेडकडे गेली. "तार मी तोडलीय."

"कळलं मला," ओरिन म्हणाला. "गावात पक्कड घेऊन बस चालवणारी दुसरी आहे कोण?"

"खालची तार वर घ्या ना, ओरिन. हातभर तरी."

"बघू. आधी बर्फ तर वितळू दे."

त्याच आठवड्यात कळलं की माळाचे सहा तुकडे गॅसच्या विहिरींसाठी लिलावात निघणार आहेत. हरकतीला तीस दिवसांची मुदत. व्हर्ना टेबलाशी लिहायला बसली, उठली, पुन्हा बसली. तिचा नवरा रॉय विहिरींवरच कामाला होता. तो दारात उभा राहून बघत होता.

"हरकत कुणाविरुद्ध? माझ्याविरुद्ध?"

"लिलावाविरुद्ध."

"एकच ते. वीस वर्षं त्या विहिरींवरच आपली चूल पेटतेय, व्हर्ना."

"ठाऊक आहे. तुझा डबा मीच भरते."

दुसऱ्या दिवशी रॉय डबा टेबलावरच ठेवून कामाला गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं. सरकारी अधिकाऱ्याने सांगितलं, या तुकड्यांवरून कळप जातात अशी नोंद आमच्याकडे नाही. व्हर्ना उठली, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "आधी घरातली गॅसची शेगडी काढून टाक, व्हर्ना!"

सगळे हसले.

"शेगडी राहील," ती म्हणाली. "मी सगळ्या विहिरी बंद करा म्हणत नाही. हरणं जातात तेवढी वाट सोडा. ही जमीन तुमची आहे तशीच माझीही आहे."

मग तिने वही उघडून तारखा वाचायला सुरुवात केली. ती चौथ्या हिवाळ्यापर्यंत पोचली आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. ती खाली बसेना. अधिकारी शेवटी म्हणाला, "बाई, ती वही माझ्याकडे द्या."

मार्चमध्ये निकालाचं पत्र आलं. सहापैकी दोन तुकडे वगळले होते, चार विकले गेले. त्या चारांतल्याच एका तुकड्यावरच्या नव्या विहिरीचं काम रॉयला मिळणार होतं. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "तुझे दोन, माझे चार. आता तरी स्वस्थ बसशील?"

"हे दोन तरी किती दिवस टिकणार, रॉय? पुढच्या वर्षी परत लिलाव आहेच."

"मग लिही परत," तो चिडून म्हणाला, आणि जेवायला बसला.

एप्रिलमध्ये हरणं उत्तरेकडे परतली. ओरिनने मैलभर तार वर घेतली होती, पुढचे तीन मैल तशीच होती. व्हर्नाने हरणं मोजली, दोनशे बारा. गेल्या वर्षी तीनशेच्या वर होती. बर्फाने गेली, तारेने गेली, की वाटच बदलली, तिला कळेना. ती बसमध्ये चढली, इंजिन चालू केलं, बंद केलं, आणि पुन्हा खाली उतरून मोजू लागली.