टाकी घासली तो दिवस

शहाडला नदीच्या काठावर एक पंपघर आहे. उल्हास नदीचं पाणी तिथून उपसून शुद्धीकरणाला जातं आणि मग वस्त्यांमधल्या नळांना. त्या पंपघरात मी झाडलोट करते, चार वर्षं झाली. नोकरी ठेकेदाराकडची, म्हणजे कधी जाईल सांगता येत नाही, आणि मी मुळातच घाबरट. कुलूप लावल्यावर तीनतीनदा ओढून बघणारी. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच.

आमचं गाव माणदेशात. लग्नानंतर पहिल्यांदा इकडे आले, तेव्हा खोपटच्या डेपोत एसटीतून उतरले, तर एक माणूस पाइप धरून गाडी धूत होता. नवरा पिशव्या घेऊन पुढे गेला आणि मी तिथंच उभी. म्हटलं, बघू कधी संपतंय पाणी. ते काही संपलं नाही. नवऱ्याला परत यावं लागलं मला न्यायला. तेव्हापासून या भागाचे माझ्यावर उपकार आहेत असंच मला वाटतं, आणि ते कधीतरी काढून घेतले जातील असंही वाटतं.

पंपघरात आत शिरलं की डाव्या हाताला काचेची टाकी आहे. नदीतून येणाऱ्या पाण्याची एक बारीक नळी तिच्यात रात्रंदिवस चालू असते आणि जास्तीचं पाणी दुसऱ्या बाजूनं वाहून जातं. टाकीत तेव्हा सात मासे होते. सहा रोहूची बोटभर पिल्लं आणि तेवढीच एक मरळ. मला आधी वाटलं, शोभेला ठेवलेत. पंप चालवणाऱ्या काकांनी पहिल्याच आठवड्यात माझा गैरसमज दूर केला. काका खाडीकाठच्या मासेमारी करणाऱ्या घरातले, साठीला टेकलेले.

"हे पोलीस हायत आपले," ते म्हणाले. "नदीत कुनी काय वंगाळ सोडला, तं यंत्राच्या आधी यांना कलतं. मासं वर येऊन तोंड उघडायला लागलं का पंप बंद, साहेबाला फोन. आधी बंद, मग विचार."

"आणि तो काळा मासा? तो तर सारखा वर येतोय."

"ती मरळ गो. तिला वरची हवा लागतेच. तिच्यावर नको जाऊस. रोहूवर ध्यान ठेव."

मला ते फार आवडलं. एवढ्या मोठ्या मोटारी, एवढे घड्याळासारखे काटे, आणि शेवटचा शब्द बोटभर माशाचा. येताजाता मी त्यांच्याकडे बघायचे. एकच गोष्ट खुपायची. टाकीचं पाणी कायम हिरवट, तळातल्या दगडांवर बुळबुळीत शेवाळ, काचेवर थर. आमच्याकडे पाणी आणलं की आधी निवळू द्यायचं, मग दुहेरी फडक्यानं गाळायचं. आई हंडा उन्हात धरून आत बघायची. तळ दिसला तर पाणी चांगलं. तिच्या हिशेबानं या माशांचं पाणी गुरांनासुद्धा द्यायच्या लायकीचं नव्हतं. पोलीस म्हणायचं आणि असं ठेवायचं, मला बरं वाटेना.

एका रविवारी काका मागच्या बाजूला मोटारीला ग्रीस लावत होते. मी नळी बंद केली, मासे बादलीत काढले, टाकी उपसली. दगड काथ्यानं घासले, काच घासली, आणि टाकी प्यायच्या नळाच्या पाण्यानं भरली. मासे परत सोडले. काय दिसत होती सांगू, टाकीत पाणी आहे की नाही कळू नये अशी. काका आले की दाखवू म्हणून मी हात पुसत उभी राहिले.

थोड्याच वेळात रोहूची पिल्लं वर आली. सगळी. तोंडं बाहेर काढून गटागटा हवा प्यायला लागली.

तेवढ्यात काका आत आले. टाकीकडे एक नजर टाकली आणि सरळ पॅनेलकडे गेले. हात लाल बटणावर.

माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते लिहिते. गप्प राहिले असते तर दोष नदीचा ठरला असता. माझी नोकरी राहिली असती. पण तिकडं किती घरांत संध्याकाळी नळ कोरडा गेला असता. आणि कोरडा नळ म्हणजे काय, हे त्या पंपघरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"काका, थांबा. नदीला काही झालेलं नाही. टाकी मी धुतली."

"कसल्या पान्यानं?"

"नळाच्या. प्यायच्या."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "साबण पन लावलास काय गो? पावडर, वडी?"

"साबण नाही लावला," मी म्हणाले. खरंच सांगत होते.

"चल," ते म्हणाले. "तुला खोटी म्हनत नाय, पन नदीला विचारायलाच पायजे."

नदीत उतरायच्या पायऱ्या दहा पावलांवर. काकांनी खिशातून पावाचा तुकडा काढून पाण्यावर चुरला. काठच्या उथळ पाण्यातून बारकी पिल्लं अशी धावली की पाणी उकळल्यासारखं दिसलं. "बरी हाय नदी," काका म्हणाले आणि बादली बुडवली.

मासे नदीच्या पाण्यात काढले. काका तांब्यानं पाणी उंचावरून बादलीत ओतत राहिले, त्यात हवा मिसळावी म्हणून. माणसं मरू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात जे औषध घालतात, ते माशांचे कल्ले जाळतं, असं त्यांनी ओतता ओतताच सांगितलं. मी टाकी रिकामी केली, नळी पुन्हा सोडली. बादलीत एकेक पिल्लू खाली गेलं. दोन गेली नाहीत. ती आडवी झाली.

पंप मात्र एकदाही थांबले नाहीत.

दुपारी काकांनी मला नदीतून शेवाळलेले दगड आणायला लावले. "घासलंस तूच, आता आनायचं पन तूच." गुडघाभर पाण्यात उतरून मी एक दगड उचलला आणि तसाच उन्हात धरून बघत बसले. ज्याला मी घाण समजत होते त्यावर मिरीएवढ्या गोगलगायी चरत होत्या. खालच्या बाजूला सहा पायांचे चपटे किडे चिकटलेले; काका म्हणाले, त्यांचेच पुढे चतुर होतात. शेवाळातून बारीक बुडबुडे निघत होते. ऊन पडलं की हे हिरवं पाण्यात श्वास सोडतं, आणि तोच मासे घेतात. गोगलगाय शेवाळ खाते, पिल्लं किडे खातात, पिल्लांवर पलीकडच्या तारेवरचा खंड्या नजर ठेवून. तळ दिसणारं पाणी आपल्या पोटाला बरं, त्यात आईचं काही चुकलं नव्हतं. पण एका ओल्या दगडावर एवढं गाव वसलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाणी वाहिलं, राखलं, त्यासाठी भांडले. त्याच्या आत कधी बघितलंच नव्हतं.

सोमवारी साहेब आले. काकांनी वहीत लिहिलं होतं, ते साहेबांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"टाकी कोणी धुतली?"

काका छताकडे बघत होते. "मी," मी म्हणाले.

"पंप बंद झाले असते तर काय झालं असतं, कल्पना आहे?"

"आहे साहेब. आमच्या गावात बंदच असतात."

साहेबांनी मान वर केली. पुन्हा वहीत बघितलं. "लिहिता येतं का तुम्हाला?"

"सहावीपर्यंतचं."

"चालेल. उद्यापासून सकाळी मासे बघून वहीत तुम्ही लिहा. यांचं अक्षर यांनाही लागत नाही."

"मना लागतं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कितीतरी वेळ टाकीसमोर उभी राहिले. मरळ वर आली, मी दचकले, मग आठवलं की ती येणारच. चार पिल्लं खाली नव्या दगडांवरचं हिरवं चाटत होती. पुन्हा मोजली. मग पेन घेतलं आणि लिहिलं: मासे खाली आहेत. पाणी हिरवट आहे. चांगलं आहे.