एका थेंबाची चावी

चावीकाकांनी एकतीस वर्षं अख्ख्या वस्तीला पाणी सोडलं. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते कोपऱ्यावर दिसले की बादल्या सरसावत आणि पुरुषमाणसं उगाचच हसत. "काका, उद्या पाहुणे आहेत, दहा मिनिटं जास्त सोडा हो." काका लगेच हो म्हणत नसत. आभाळाकडे पाहत, घसा खाकरत आणि म्हणत, "बघतो." त्या एका शब्दावर माणूस जन्मभर मानानं जगला.

मग ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी यंत्र बसलं. यंत्र कुणाकडे बघत नाही. सहाला सोडतं, सातला बंद करतं. महिन्याभरात काकांना ओळख देणारं फक्त गल्लीतलं कुत्रं उरलं, तेही शेपटीपुरतं.

"घरात बसून माझ्या डब्यांची झाकणं मोजू नका," काकूंनी बजावलं. "काहीतरी लावा."

परगावी असलेल्या मुलीनं बियांचं पाकीट पाठवलं. जमिनीसरशी पसरणारं, जाड रसाळ पानांचं झाड. थंडी सोसतं, दुष्काळ सोसतं, वर गुलाबी फुलं. बी मात्र तपकिरीच्या चिमटीएवढं. काकांनी ते बोटभर खोल पुरलं आणि हाताच्या सवयीनं वर पाणी सोडलं. तीन आठवडे मातीनं तोंड उघडलं नाही.

"बाबा, पाकिटाच्या मागे लिहिलंय ना, वर माती टाकू नका, बियांना उजेड लागतो," मुलगी फोनवर म्हणाली.

"पुढे फूल होतं. मी तेच पाहिलं."

दुसऱ्या खेपेला त्यांनी पाकीट पाठ केलं. अर्धी वाळू घातलेल्या मातीवर बी नुसतं भुरभुरलं, ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून ओल खालून चढवली, वर काच झाकली. बाराव्या दिवशी मोहरीहून बारीक हिरवे ठिपके दिसले. काका चष्मा लावून दोन तास जागचे हलले नाहीत.

"मुलगी झाली तेव्हा पाच मिनिटांत बाहेर सटकला होतात," काकू म्हणाल्या.

रोपं धरली, तशी काकांनी वस्तीत वाटली. लोकांनी हौसेनं नेली आणि परत कुणी फिरकलं नाही. फिरकणार कशाला? झाड काही मागतच नव्हतं. दर चार दिवसांनी कोमेजणारं एखादं नाजूक झाड वाटलं असतं तर दारात रांग लागली असती.

मग काकांनी रांगच लावली. "सोमवारी दोन चमचे पाणी, शुक्रवारी एक. आणि मला दाखवल्याशिवाय थेंब नाही," त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं. लोक कुंड्या छातीशी धरून येऊ लागले. काका डोळे मिटून पान दाबत, नाडी पाहावी तसे, आणि कपाळाला आठ्या घालत. काकांचं वजन चार किलोंनी वाढलं.

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई तेवढ्या आल्या नाहीत. त्या बहिणीच्या आजारपणात चार महिने गावाला गेल्या होत्या. कुंडी खिडकीत तशीच पडलेली. परतल्या तर झाड कुंडीतून उतरून भिंतीवर गोधडीसारखं पसरलेलं, अंगभर फुलांनी. आणि चमच्यावारी वाढवलेली बाकीच्यांची झाडं? सगळी मुळाशी कुजलेली.

वस्तीला हिशेब जमतो. काकांचं दार ओस पडलं आणि शिंपीणबाईंचं दुकान गजबजलं. जो तो बी मागायला. काका खिडकी लावून बसू लागले.

पण बाईंचीही पंचाईत झाली. फुलं वाळून टणक बोंडं झालेली, ती काही केल्या उघडेनात. सुई घातली, कात्री चालवली, इस्त्रीखाली दाबली. हाती नुसता भुगा. शेवटी त्यांनी काकांना निरोप धाडला.

"त्यांना कशाला?" बाकड्यावरच्या गिऱ्हाइकांपैकी एकजणी खवचटपणे म्हणाली. "ते दोन चमचे सांगतील."

काका आले. पाकिटाच्या मागची शेवटची ओळ त्यांना पाठ होती: हे बोंड कोरडं असताना उघडत नाही, भिजलं की आपोआप उघडतं. एक थेंब. पण ते बोलून दाखवलं की पुढच्या क्षणी काका पुन्हा आपल्या बंद खिडकीमागे.

"प्यायला पाणी द्या," ते म्हणाले. एक घोट घेतला, दोन बोंडं तळहातावर ठेवली आणि बाकड्याकडे पाठ केली. बोट हळूच पेल्यात बुडवलं. काहीतरी पुटपुटले. पाच मिनिटं बाकड्यावरच्या बायका माना लांबवून बघत राहिल्या. मग वळून त्यांनी मूठ उघडली. दोन्ही बोंडं चांदणीसारखी उमललेली, पोटात बी.

"अगंबाई. केलंत कसं?" खवचट गिऱ्हाईक बाकड्यावरून अर्धं उठलं.

"घरी करायचं काम नाही ते. बोंड बिचकतं."

कपडे घालून पाहायचा उंच आरसा भिंतीला तिरका टेकलेला होता. बाकड्यावरून त्यात काही दिसत नसे. बाईंच्या मशीनवरून सगळं दिसे. काकांच्या हे ध्यानात आलं तेव्हा त्यांची आणि शिंपीणबाईंची आरशातच नजरानजर झाली होती. काकांचे कान लाल झाले.

बाईंनी दातानं दोरा तोडला.

"अजून तीसेक बोंडं आहेत, काका. सगळी आज नका करू. दर गुरुवारी या, संध्याकाळी. तेव्हा दुकानात माणसं असतात."

बाईंनी टोपलीतली एक चिंधी काढून त्यांच्या ओल्या हातात दिली आणि बाकड्याकडे वळून म्हणाल्या, "सरका गं जरा. काकांना बसू द्या."