पोळ्याच्या दिवशीचं कुलूप

सई, नील, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू उंदरांना छळायचीस?" राग आला. तुमचा नाही. एक जुना राग वर आला. म्हणून लिहिते आहे.

मी यवतमाळला मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. पाठीचा कणा दुखावला की माणसाचे पाय जातात, हे सगळ्यांना दिसतं. लघवीही अडते, हे कोणी बोलत नाही. मूत्राशय भरतं, पण दार उघडत नाही. महागावचा झाडावरून पडलेला एक तरुण आमच्या वॉर्डात होता. "पाय नाही चालले तं चालन, पण ही नळी काढा," म्हणायचा.

त्यासाठी आम्ही उंदरांवर अभ्यास करत होतो. भूल देऊन कण्याला इजा करायची. मग उंदराला स्वतःहून लघवी होत नाही, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पोट हलक्या हातानं दाबून मूत्राशय रिकामं करायचं. हे चुकलं, तर ते फुटूही शकतं.

पोळ्याच्या सकाळी मी पोचले, तर प्राणिगृहाला कुलूप. आदल्या संध्याकाळची पाळी विभागप्रमुखांची होती.

"किल्ली?"

"साहेबानं नेली मॅडम, काल दुपारीच," आमचा अटेंडंट नामदेव म्हणाला. "गावाले गेले, दिग्रसकडं."

मी फोन लावला.

"अहो मॅडम, काल खांदमळणी होती. बैलांच्या खांद्याला हळद-तूप मीच लावतो, वडिलांपासूनची रीत आहे. उंदरांना एक दिवसानं काय होतं?"

"सर, तुम्ही कालपासून लघवीला गेलात का?"

"हे काय विचारणं झालं?"

"गेलात ना? ते नाही गेले."

फोन ठेवला. नामदेवला म्हटलं, "तोड."

"सरकारी कुलूप हाय मॅडम!"

"उंदीरही सरकारीच आहेत."

त्यानं हातोडा आणला. आत उंदरांची पोटं दगडासारखी झाली होती. एकेकाला हातात घेऊन मी हळूहळू दाबत गेले. एक कोपऱ्यात मरून पडला होता.

दुसऱ्या दिवशी साहेब पुरणपोळीचा डबा घेऊन परतले.

"तो इजेनंच गेला असं धरू. बाकीचे अभ्यासात राहू द्या."

"तो कुलपानं गेला. बाकीच्यांची मूत्राशयं ताणून खराब झाली आहेत. ती इजा म्हणून दाखवली, तर वॉर्डातल्या पोराला आपण खोट्यावरून औषध देऊ."

"किती हट्टी आहात हो!"

"अशा अहवालावर माझी सही मिळणार नाही."

ती सगळी तुकडी अभ्यासातून बाद झाली. काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. महागावचा तरुण नळी घेऊनच घरी गेला. साहेब निवृत्तीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. डबा मी घेतला नव्हता.

बैलाला सणाच्या जेवणाचं आवतण देणाऱ्या हातांनी उंदराला कोंडलं, हे मला आजही पचत नाही. ज्याचा कणा आपण मोडला, त्याची लघवी आपल्या गळ्यात पडते. तिला सणाची सुट्टी नसते.

त्यानंतर प्राणिगृहाची दुसरी किल्ली गेटवरच्या चौकीत ठेवायला मी लावली. ती अजून तिथे खिळ्याला टांगलेली आहे.