एका फांदीवरचा वर्ग

अहेरीच्या नूरी मॅडमची खोड अशी, की हजेरीची यादी मुदतीच्या आधीच पाठवायची. या खोडीनं यंदा त्यांची झोप उडवली.

मॅडम एका अभ्यास केंद्रात बी.ए.च्या ऑनलाइन वर्गाला इतिहास शिकवत आणि उरल्या वेळात पीएच.डी. करत. ऑनलाइन उच्च शिक्षणात शिकवण्याच्या पद्धतींवर जगात काय काय संशोधन झालं, हा विषय. एकशेचाळीस शोधनिबंध वाचून जाडजूड प्रकरण लिहिलेलं: आधी रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांची चलती, मग थेट वर्गांची, आता गटचर्चेची. त्यातलं एक वाक्य त्यांचं फार लाडकं होतं: 'पडद्यासमोर विद्यार्थी एकटा असतो.' एवढे विद्वान म्हणतात म्हटल्यावर खोटं कसं असेल!

आणि त्यांच्या वर्गातल्या भामरागडकडच्या सात विद्यार्थ्यांत लॉगिन एकट्या इसरूचं. बाकी सहा शून्य. शून्यवाल्यांना परीक्षा नाही, असा नियम. मॅडमनी यादी पाठवली आणि मग त्यांचा जीव टांगणीला लागला. फोन लागेना, पुरानं रस्ता बंद. नवरा कय्यूम म्हणाला, "एकशेचाळीस निबंध वाचले तू, अन् सहा पोरायचा पत्ता नाई तुले!" बोलणं झोंबलं, कारण खरं होतं.

यादीत दुरुस्तीची मुदत सोमवारपर्यंत. शुक्रवारी रस्ता सुटला आणि मॅडमनी पहिली एसटी पकडली.

इसरूच्या गावामागच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली सातही जण बसलेले. फांदीला इसरूचा फोन बांधलेला.

"रेंज एवढ्या फांदीलेच हाये, मॅडम," त्यांच्यातली करिश्मा म्हणाली. "आयकून झालं का आमी त्यावर आमच्या माडिया बोलीत भांडतो, मंग लिहतो."

तिनं वह्या पुढं केल्या. सात वह्या, सात तऱ्हेची उत्तरं. एके ठिकाणी तर मॅडमनीच चुकीचं सांगितलेलं साल दुरुस्त केलेलं. मॅडम तिथंच खाली बसल्या आणि हसता हसता रडल्या. किती दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला!

वह्यांचे फोटो त्याच फांदीवरून केंद्रप्रमुखांना गेले. दुपारी उत्तर आलं: सहाही जणांना परीक्षेला बसता येईल. टेकाडावर एकच गलका झाला. इसरू तेवढा डोकं खाजवत होता.

"मॅडम, हजेरी माहीच काऊन लागली? सगळ्यात कमी तं मलेच समजते."

घरी येऊन मॅडमनी ते लाडकं वाक्य खोडलं आणि त्या जागी इसरूचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला.