पहिलं पाणी

चीनमधल्या आमच्या चाओचौ शहरातल्या गल्लीत हेंग काकांचं वय सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. एक्याऐंशी. लाकडात खेकडे आणि झिंगे कोरण्यात जन्म गेला, पण अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. मी छप्पन्नची, पोट भरतकामावर, आणि माझी सुई तेच ओवून देतात. वर ऐकवतात, "चहा कमी पडतोय तुला, सोकखिम. म्हातारी होशील अशाने." गल्लीतल्या बायका तोंडाला नाही नाही ते फासतात. काकांचं औषध एकच. रोज सकाळी ऑलिव्हच्या कोयांच्या कोळशावर पाणी, मुठीएवढी मातीची किटली आणि तीन कप. माणसं दोन असोत की पाच, कप तीनच.

गेल्या मंगळवारी त्यांनी माझ्यापुढे पहिलं पाणी ठेवलं. पहिल्या पाण्याने चहाची पानं धुवायची आणि ते ओतून द्यायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काका विसरले की काय, असं मनात आलं. पण कुणाच्या घरच्या चहाला नावं ठेवू नयेत, त्यातून वडीलधाऱ्याच्या तर नाहीच. मी मुकाट्याने प्यायले आणि "छान झालाय" म्हणाले. पुढे चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

शनिवारी पुन्हा तेच पांचट पाणी.

"कसा झालाय?" काकांनी विचारलं.

"छान."

"खोटारडी. मुद्दाम दिलं मी ते."

मी कप खाली ठेवला.

"माझ्या थोरल्या भावाला विसर पडायला लागला ना, तेव्हा घरातले सगळे मान राखून गप्प बसले," ते म्हणाले. "तो भातात दोनदोनदा मीठ घालायचा आणि आम्ही हूं की चूं न करता खायचो. त्याला बिचाऱ्याला कळलंच नाही. मी चहा करतो तो काय जवान राहायला? एकेक पायरी आठवते का, ते बघायला करतो. पण चुकलो तर सांगणार कोण? म्हटलं, ही तोंडाळ आहे, ही सांगेल. तूही तसलीच निघालीस."

शनिवारचं मुद्दाम होतं, मग मंगळवारचं काय? काका तर मला पकडल्याच्या खुशीत हसत होते. गप्प बसणं किती सोपं होतं.

"काका, मंगळवारीही तुम्ही मला पहिलंच पाणी दिलं होतं."

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंगळवारी मी तुझी परीक्षा नव्हती घेतली," ते हळूच म्हणाले.

"माहीत आहे मला."

त्यांनी माझ्या कपातलं पाणी ओतून टाकलं, किटली रिकामी केली आणि नवी पानं काढली. निम्मी पानं बाहेर सांडली.

"आता नीट बघ," ते म्हणाले. "चुकलो की लगेच सांग. मान-बिन काही ठेवू नकोस."

मी डोळ्यांत तेल घालून बघत बसले. जन्मभर चहा पीत आले, पण त्याची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.