कललेली गाडी

आमची मोटारसायकल डाव्या अंगाला कलायची. थोडीथोडकी नाही, चांगलीच. साइड स्टँडवर लावली की आता पडते की मग पडते असं वाटायचं, आणि जरा जोराचं वारं सुटलं की ती खरंच पडायची. आरसा फुटायचा, क्लचची मूठ वाकायची. मग सातपूरच्या आमच्या कॉलनीतलं कुणीतरी दारातूनच ओरडायचं, "तुमची गाडी झोपली बरं का!" बाबा पायात चपला सरकवून जायचे, गाडी उचलायचे आणि पुन्हा त्याच स्टँडवर लावायचे.

यातली गंमत अशी की बाबा फिटर होते. दिवसभर कारखान्यातली मशिनं नीट करायची आणि घरची गाडी ही अशी. मला याची भयंकर चीड यायची. मैत्रिणी घरी आल्या की मी त्यांना मुद्दाम दुसऱ्या बाजूने आत न्यायचे. बाबांना टोकलं की उत्तर ठरलेलं असायचं, "दहा मिनिटांचं काम आहे, करीन." त्या दहा मिनिटांना नव्वदच्या दशकातली सगळी वर्षं पुरली नाहीत.

खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. आई बुटकी, आणि तिचे गुडघे फार लवकर गेले. सरळ उभ्या गाडीच्या सीटवर तिला चढता यायचं नाही. म्हणून बाबा गाडी स्टँडवरच ठेवून आधी स्वतः बसायचे. गाडी डावीकडे कललेली, त्यामुळे त्या बाजूने सीट खाली आलेली. आई पदर खोचायची, बाबांच्या खांद्यावर हात टाकायची आणि एका अंगाला पाय सोडून अलगद बसायची. नीट बसली की त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "घ्या." मग बाबा गाडी सरळ करून पायाने स्टँड वर घ्यायचे आणि निघायचे. दोघांचा भार त्या एवढ्याशा लोखंडावर पडायचा. स्टँड वाकत गेला, त्याच्या बोल्टचं भोक ढिलं होत गेलं आणि गाडी जास्त जास्त कलायला लागली. इकडे आईचे गुडघेही जास्त जास्त दुखायला लागले. म्हणजे दोघांचं बरं जमलं होतं.

रिक्षाचं नाव काढलं की आई म्हणायची, "मला नाही बाई त्या डबड्यात बसायचं." पौर्णिमेला पांढरी साडी नेसून ती बाबांच्या मागे बसून बुद्धविहारात जायची. तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावर असा काही रुबाब असायचा की वाटावं, विमानातच बसली आहे.

मग आई आजारी पडली. पोटात दुखतंय म्हणून सुरू झालं आणि बघता बघता तिने अंथरूण धरलं. मी तेव्हा नोकरीला लागले होते. डॉक्टरांनी बाबांना आणि मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आता घरी न्या, तिला जे आवडेल ते खाऊ घाला. आईला मात्र आम्ही काही सांगितलं नाही. आपल्याकडे आजारी माणसाला असं कुठे सांगतात? पोटाची सूज उतरली की बरं वाटेल, असं म्हणायचं आम्ही ठरवलं. बाबा रोज म्हणायचे, "पुढच्या पौर्णिमेला जाऊ विहारात." आई म्हणायची, "जाऊ की."

तिची कॉट आम्ही पुढच्या खोलीत खिडकीशी लावली होती. खिडकीबाहेर गाडी असायची, तशीच कललेली. आई पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "बघ, कशी वाकून उभी आहे माझ्यासाठी." मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

बाबांचे एक दोस्त त्यांच्याच कारखान्यात वेल्डर होते. आईच्या आजारपणाने बाबा खचलेत, हे त्यांना दिसत होतं, पण करायचं काय हे सुचत नव्हतं. कारखान्यातल्या माणसांना माया दाखवायची तर हातच चालवता येतात. एका दुपारी बाबा मशीनवर असताना त्यांनी गाडी आपल्या खात्यात नेली, स्टँड तापवून सरळ केला, ढिला बोल्ट बदलला आणि स्टँडच्या पायाखाली जाड पट्टी मारून दिली. सुटी झाल्यावर बाबांना म्हणाले, "लय दिवस बघत होतो. आता भूकंप झाला तरी नाय पडायची. वहिनींना सांगा, आता घाबरायचं काम नाय."

बाबांनी दोस्ताच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी आले. गाडी लपवायची कुठे? त्यांनी ती भिंतीच्या पलीकडे लावून पाहिली, पण आईने आवाज ओळखला होता. "गाडी कुठे लावली? दिसत नाही," असं तिने आतूनच विचारलं. त्यांनी ती नेहमीच्या जागी आणली. ताठ उभी होती, दुकानातून आणल्यासारखी.

आईने पाहिलं. मग म्हणाली, "बरं केलंत. आता ती तशी ठेवून काय करायची." आणि भिंतीकडे तोंड केलं.

इतके दिवस आम्ही जे जिभेवर येऊ दिलं नव्हतं, ते त्या लोखंडाच्या पट्टीने सांगून टाकलं. मला त्या भल्या माणसाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी वाट्टेल ते बोलले असते. बाबा चहासुद्धा न घेता बाहेर पडले. मला राहवेना, शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून मी त्यांच्यामागे गाडीवर बसले.

आम्ही सातपूरमधल्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. बाबांनी स्टँड दाखवला आणि म्हणाले, "ही पट्टी कापा आणि स्टँड वाकवा."

तो माणूस बघतच राहिला. "काका, लोक वाकडा स्टँड सरळ करायला आणतात. हे तर झकास काम झालंय."

"मंडळींना बसायला उंच पडतं," बाबा म्हणाले. आवाज एकदम साधा. मी तोंड फिरवून रस्त्यावरच्या बसकडे बघत राहिले.

त्याने पट्टी कापली, स्टँड तापवला. हातोडा मात्र बाबांनी स्वतःच्या हातात घेतला. किती वाकवायचा हे त्यांनाच ठाऊक होतं. एक घाव घालायचे, गाडी लावून लांब जाऊन बघायचे, पुन्हा घाव घालायचे.

घरी येऊन त्यांनी गाडी खिडकीसमोर लावली. आईने मान वळवून पाहिलं, आणि हसली. मला तेव्हाच कळलं की ती फसलेली नाही. तिला सगळं समजलं होतं, फक्त नवऱ्याचा शब्द तिला मोडायचा नव्हता. ती म्हणाली, "मला बसवा ना एकदा. जायचं नाही कुठे. नुसतं बसवा."

मी आणि काकूंनी तिला धरून बाहेर नेलं. बाबा आधी बसले. आम्ही तिला मागे बसवलं. उचलायला काही उरलंच नव्हतं तिच्यात. तिने बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "घ्या."

बाबांनी गाडी सरळ करून स्टँड वर घेतला. इंजिन बंदच होतं. दोन्ही पाय जमिनीवर रोवून ते गाडी तोलून बसले आणि आईने त्यांच्या पाठीवर गाल टेकला. मी तिला मागून धरून उभी होते. बाबांचे पाय थरथरायला लागले, पण ते हलले नाहीत. शेवटी आईच म्हणाली, "चला, झालं फिरून."

पौर्णिमेच्या आधीच ती गेली.

जलदानविधी झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी बाबा गाडी घेऊन दोस्ताकडे गेले आणि स्टँड सरळ करून आणला. दहाच मिनिटांचं काम होतं. गाडी नेहमीच्या जागी लावून ते आत आले आणि आईच्या कॉटवर, तिच्या जागी, भिंतीला टेकून बसले. तिथून त्यांनी कधी बाहेर पाहिलंच नव्हतं.

"इथून अख्खा स्टँड दिसतो गं, हातोड्याचे घावसुद्धा," ते मला म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.