भाकरी वाजवून बघणारी अक्का

अक्का भाकरी कानाशी धरून वाजवायची. चुलीच्या कडेला उभी करून वाळवलेली कडक भाकरी दोन बोटांत अलगद उचलायची, कानाजवळ न्यायची आणि नखानं टिचकी मारायची. टण्ण आवाज आला तर भाकरी पाटीत, नाही आला तर बाजूला. "वाजली तर गिऱ्हाइकाची, न्हाई वाजली तर माझी," म्हणायची. त्यामुळे तिच्या ताटात कायम न वाजलेल्याच भाकऱ्या असत.

तिचं नाव महादेवी. ती अक्कलकोटकडच्या खेड्यातली. रागावली की कानडीत बोलायची आणि माया आली की मला 'यव्वा' म्हणायची. नवरा गेल्यावर ती काही वर्षं भावाकडे राहिली आणि मग एक काथवट आणि तवा घेऊन सोलापुरात आमच्या शेजारच्या खोलीत आली. नवी पेठेतल्या दोन-तीन दुकानांत तिच्या भाकऱ्या जायच्या. भावाचा विषय निघाला की तिचं एकच म्हणणं असे. "त्यो वाईट न्हाई गं. पण तितं ताट वाढून येतंय, आपल्याला मागता येत न्हाई. परत तितं जायचं न्हाई म्हंजे न्हाई."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईवडील जेऊरकडून मजुरीसाठी आलेले. मी बी.ए.ला होते, पण अक्का मला 'वकिलीणबाई' म्हणायची. मी म्हणायचे, "अक्का, ते वेगळं शिक्षण असतं." त्यावर ती म्हणायची, "आसंल की. तू कागद वाचतीस ना? मग झालं."

मग तिचं उजवं मनगट सुजायला लागलं. डॉक्टरांनी भाकरी थापणं बंद करायला सांगितलं. थापणं बंद म्हणजे खोली सोडायची, आणि खोली सोडायची म्हणजे भावाचं दार. अक्कानं साठवलेलं सगळं काढलं आणि शहरातल्या एका दुकानातून भाकरी दाबायचं मशीन आणलं. दुकानदारानं कणकेचा गोळा ठेवून चपाती करून दाखवली होती. "ज्वारीला चालतंय का?" असं अक्कानं विचारलं तेव्हा मी तिथंच होते. तो म्हणाला होता, "मावशी, कुठल्याबी पिठाला चालतंय."

ज्वारीला ते चाललं नाही. पीठ मशीनच्या तव्याला चिकटायचं, भाकरी मधोमध चिरायची, कड कच्ची राहायची. दुकानातला माणूस दोनदा येऊन स्क्रू पिळून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "मशीन चांगलंय. तुमचं पीठच खराब हाय." पैसे अडकल्याचं दुःख अक्काला होतंच, पण हे वाक्य तिला जास्त लागलं. "मला नाव ठिव, माझ्या हाताला ठिव. माझ्या पिठाला नाव ठिवतोय व्हय त्यो?"

ग्राहक आयोगाची माहिती तिला मीच दिली. कॉलेजात त्यावर एक व्याख्यान झालं होतं. आधी इथं जिल्हा आयोग, तिथला निकाल मान्य नसेल तर मुंबईला राज्य आयोग, आणि त्याच्याही वर, कायद्याचा मोठा प्रश्न असेल तर, दिल्लीला राष्ट्रीय आयोग. वकील लागतोच असं नाही. अक्कानं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे हितं मी जिंकली तरी त्यो वर जाऊ शकतो?"

"हो. हरलेला माणूस वर जाऊ शकतो."

"बरं हाय की," ती हसून म्हणाली, "हरणाऱ्याला जिना, आन् जिंकणाऱ्यानं खाली हुभारायचं."

तक्रार मी लिहिली. अक्का सांगत गेली, "मी एकटीच करती. हात गेला म्हणून मशीन घेतलं." एवढंच तिचं म्हणणं होतं. मला ते फार थोडं वाटलं. खरं सांगायचं तर मला ते गरिबासारखं वाटलं. दुपारी शेजारच्या चार बायका तिच्याकडे येऊन बसायच्या, गप्पा मारत पीठ चाळायच्या, जाताना दोन-दोन भाकऱ्या न्यायच्या. मी लिहिलं, "तक्रारदार या यशस्वी उद्योजिका असून त्यांनी परिसरातील चार महिलांना रोजगार दिला आहे." असं वाक्य मी कॉलेजच्या स्पर्धेत निबंधात लिहिलं होतं आणि तेव्हा मला बक्षीस मिळालं होतं.

वाचून दाखवलं तेव्हा अक्का लाजली. "उद्योजिका? मी?" मग म्हणाली, "परत एकदा वाच की ते." मी परत वाचलं. तिनं खाली अंगठा उठवला.

जिल्हा आयोगातला दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. "तुमचे वकील कुठे आहेत?" असं अध्यक्षांनी विचारल्यावर अक्कानं माझ्याकडे बोट केलं. "ही की." सगळे हसले. मग तिनं पिशवीतून दोन भाकऱ्या काढल्या, एक हातची, एक मशीनची. दुकानदाराचे वकील म्हणाले, "साहेब, हा काय पुरावा झाला?" अक्कानं तिकडे लक्ष दिलं नाही. हातची भाकरी वाजवली. टण्ण. मशीनची वाजवली, ती नुसतीच खरखरली आणि तिचा तुकडा टेबलावर पडला. अध्यक्ष म्हणाले, "ती पहिली परत वाजवा बघू."

निकाल आमच्या बाजूनं लागला. मशीन परत घ्या, रक्कम परत द्या. त्या आठवड्यात अक्का गल्लीत सगळ्यांना सांगत होती, "साहेबांनी दोनदा वाजवायला लावली."

दुकानदार जिना चढला. राज्य आयोगाची नोटीस आली. आम्ही मुंबईला दोनदा गेलो. पहिल्या वेळी नुसती पुढची तारीख मिळाली. दुसऱ्या वेळी दुकानदाराचे वकील बराच वेळ इंग्रजीत बोलले. भाकरी, पीठ, मशीन यातलं काहीच त्यांच्या बोलण्यात नव्हतं. मग त्यांनी एक कागद वर धरला आणि मराठीत सावकाश वाचलं, "यशस्वी उद्योजिका असून त्यांनी परिसरातील चार महिलांना रोजगार दिला आहे." म्हणजे या बाईंनी मशीन धंद्यासाठी घेतलं, त्या कायद्यानं ग्राहकच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

कायदा मी नंतर वाचला. जो माणूस स्वतः राबून स्वतःचं पोट भरण्यापुरती वस्तू घेतो, त्याला ग्राहकच मानतात. अक्कानं सांगितलेलं 'मी एकटीच करती' एवढंच लिहिलं असतं तर पुरलं असतं.

आयोगाच्या सदस्यांनी तिला विचारलं, "बाई, या चार महिला तुमच्याकडे कामाला आहेत का?"

तिनं 'न्हाई' एवढंच म्हणायचं होतं. पोरीनं वाढवून लिहिलं, असं म्हणायचं होतं. अक्कानं माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही. मी उठून बोलायला हवं होतं. मी उठले नाही.

"हायत की साहेब," अक्का म्हणाली. "लिवलंय तसंच हाय."

निकाल उलटला. तक्रारदार ग्राहक ठरत नाहीत, सबब तक्रार फेटाळण्यात येते. निकालाचा कागद मी अक्काला मराठीत सांगितला. माझं वाक्य ज्या परिच्छेदात होतं, तो वगळून सांगितला. ऐकताना ती मशीनकडे बघत होती.

"गिऱ्हाईक न्हाई म्हणं मी," ती म्हणाली. "मग दुकानात गेलती कोण?"

मी दिल्लीचं बोलले. अजून एक आयोग आहे, अर्ज करता येतो. "तितं बी तेच कागद जात्याल ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं उठून पिठाचा डबा पुढं ओढला. मी अर्जाचा नमुना आणून दप्तरात ठेवला. तो कोराच राहिला आणि मुदत संपून गेली.

अक्का पुन्हा हातानं थापायला बसली. दोन महिने तिनं ओढले. मनगटाला फडकं बांधून, मग डाव्या हातानं. भाकऱ्या वाजेनाशा झाल्या. बाजूला पडणाऱ्या जास्त, पाटीतल्या कमी. दुकानांनी दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली. आईनं तिला आमच्याकडे जेवायला बोलावलं, तर म्हणाली, "एक दिस यीन. रोज कसं यीन गं?"

खोली सोडली त्या दिवशी मी तिला अक्कलकोटच्या एसटीत बसवायला गेले. काथवट तिच्या मांडीवर होती. मशीन घरमालकानं थकलेल्या भाड्यापोटी ठेवून घेतलं होतं. गाडी सुटायला वेळ होता. मी खाली मान घालून म्हणाले, "अक्का, त्या निकालात एक परिच्छेद होता. मी तुला वाचून दाखवला नाही."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "मुंबईत ऐकलं की मी. मराठीतच वाचलं त्येनं."

"मग तू 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"माझा अंगठा हुता त्येच्याखाली." मग मांडीवरची काथवट सरळ करत म्हणाली, "आन् तू आमच्यातली पयलीच गं शिकलेली. तुला चारचौघांत खोटी पाडू व्हय?"

मला रडू आलं, पण तिनं समजूत घातली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला तिकडे जायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी काहीही बोलले असते तरी ते बदललं नसतं. गाडी गेली.

मधून मधून मी तिला फोन करते. भाचा फोन तिच्या हातात देतो. ती माझ्या परीक्षेचं विचारते, आईच्या गुडघ्याचं विचारते. मागच्या वेळी काही सुचेना म्हणून मी विचारलं, "अक्का, तिथल्या भाकऱ्या वाजतात का गं?"

ती अगदी हळू, कुणी ऐकेल अशा भीतीनं बोलली.

"हितं वाजवून बघायचं न्हाई, यव्वा. दुसऱ्याच्या चुलीवरची हाय. दिली की खायची."